कमरेच्या उंचीची अट

ते साल एकोणीसशे बासष्ट. लग्न होऊन मला अकरा महिने झाले होते. घरातलं कुठलं भांडं कुठे असतं ते मला कळलं होतं, पण कुणाला काय विचारायचं नाही ते अजून कळायचं होतं.

घरात माणसं चारच. सासूबाई, त्यांचे दोन मुलगे आणि मी. थोरले म्हणजे माझे भाऊजी, पंचायतीच्या कचेरीत कारकून. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढला की म्हणत, "दिवसभर अध्यक्षांची बोलणी खातो, तेवढ्यानं पोट भरतं." धाकटे म्हणजे हे. हे फार बोलत नसत. शेतावर जाताना "जातो" म्हणत आणि परत आल्यावर "आलो". मधलं सगळं आपण समजून घ्यायचं. मी मात्र सारखी काही ना काही विचारत असे, म्हणून सासूबाई मला चौकशीची खिडकी म्हणत.

आमच्या शेतात भाजी पिकायची, पण आम्ही भाजी विकत नव्हतो. आम्ही बी विकत होतो. कांद्याचं, गाजराचं, मुळ्याचं. बियाण्याचा कांदा एकदा काढून पुन्हा पुरायचा, त्याला दांडे येऊ द्यायचे. दांड्याच्या टोकाला मुठीएवढे पांढरे गोंडे धरतात. ते वाळले की कापून खळ्यावर आणायचे, काठीनं झोडपायचे, आणि मग पुढचं सगळं वाऱ्यानं करायचं.

खळं घराच्या पश्चिमेला होतं. दुपारी चारच्या सुमाराला वारा सुटला की सासूबाई तीन पायांच्या उंच तिवईवर चढत. मी खालून सूप भरून द्यायचं, त्यांनी ते डोक्याच्या वर धरून कडेनं हळूहळू सोडायचं. बी तीन ठिकाणी पडे. पायाशी भारी बी, ते विकायचं. हातभर पलीकडे मध्यम, ते स्वस्तात द्यायचं. त्याच्याही पलीकडे पोचट बी आणि भूस. पोचट बी दिसायला तसंच काळं, तसंच तिकोनी. चिमटीत धरून पाहिलं तरी मला फरक कळत नसे.

"मग तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं होतं.

"मला कुठे कळतंय? वाऱ्याला कळतं. मी नुसती हात वर करून उभी."

खळ्याचा एक कोपरा मात्र त्या कधी वापरत नसत. उत्तरेकडचा. जागा सारवलेली, स्वच्छ, पण तिवई तिकडे कधी जायची नाही. का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांना ऐकू आलं नाही.

खळ्याच्या पश्चिमेला मोठं मैदान होतं, पंचायतीचं. पलीकडच्या कडेनं सडक जायची. एके दिवशी सकाळी मी केर टाकायला गेले तर मैदानात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, चार कोपऱ्यांना खुंट्या आणि खुंट्यांना सुतळी. मी सुतळीच्या आत जाऊन पावलं मोजली. लांबी चाळीस, रुंदी पंचवीस. घरी येऊन सांगितलं.

भाऊजी सदऱ्याची बटणं लावत होते. म्हणाले, "सभागृह होतंय. दोन मजली. खाली दुकानं, वर वाचनालय."

वाचनालय म्हटल्यावर माझ्या हातातला झाडू थांबला. मला वाचायचं वेड होतं आणि त्या घरात छापील म्हणून काय ते बियाण्याच्या पुड्या बांधायचे रद्दीचे कागद. पुडी सोडताना मी बातमी वाचायची आणि शेवट दुसऱ्या कुठल्या पुडीत गेला म्हणून हळहळायची.

सासूबाई सावकाश म्हणाल्या, "तिथं काही होणार नाही."

"आई, मंजुरी आलीय."

"येऊ दे. कागद माझ्याकडे आहे."

कागद बियाण्याच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी होता. त्यात काय आहे ते घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, पण वाचला कुणीच नव्हता. सासूबाईंना वाचता येत नव्हतं आणि मुलांनी कधी काढून पाहिला नव्हता. मी वाचला. सासऱ्यांच्या वडिलांनी एकोणीसशे एकवीस साली ते मैदान पंचायतीला फुकट दिलं होतं. अट एकच. जोवर आमच्या खळ्यावर वाऱ्यानं बी साफ होतं, तोवर त्या जागेवर कमरेच्या वर भिंत, झाड किंवा छप्पर होऊ द्यायचं नाही. खाली पंचायतीचा शिक्का आणि पाच सह्या.

"म्हणजे वारा आपला आहे?" मी विचारलं.

"वारा कुणाचा नसतो गं. त्याला यायला जागा ठेवलीय, एवढंच."

हे दारात उभे होते. म्हणाले, "जातो."

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मी कचेरीत गेलो. अध्यक्ष आत होते, पण आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. आमच्यानंतर आलेले तिघं आत जाऊन बाहेर आले. दीड तासानं आम्हाला बोलावलं.

अध्यक्षांची गावात लाकडाची वखार होती. हसतमुख माणूस. समोरचा बोलत असताना मान डोलवायचे आणि त्याचं झालं की आपलंच म्हणणं पहिल्यापासून सांगायचे.

"काकू, अट मी वाचली. कमरेच्या वर नाही म्हणे. कंबर कुणाची? आमच्या शिपायाची कंबर तुमच्या खांद्याला लागेल."

खोलीतले लोक हसले. शिपायानं पट्टा सावरला.

"त्याच्याच कमरेचं माप घ्या," सासूबाई म्हणाल्या. "माझी ना नाही. तुमचा नकाशा दोन मजल्यांचा आहे."

आता शिपाईच हसला. अध्यक्षांनी मान डोलवली. "जग कुठे गेलं, काकू. यंत्रं आली. भरलं की दुसऱ्या बाजूनं बी बाहेर."

"यंत्रात बी तापतं. अर्धं फुटतं. भाजीचं बी म्हणजे काही गहू नव्हे."

"मग पंखा देतो. विजेचा, मोठा, पंचायतीच्या खर्चानं. वाऱ्याची वाटसुद्धा बघायला नको."

"द्या," सासूबाई म्हणाल्या. "बघू तरी."

अध्यक्षांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी भाऊजींना हाक मारली. भाऊजी जाड वही घेऊन आले. मान वर न करता म्हणाले, "बाई, अर्ज दिल्याची नोंद. इथं अंगठा लावा."

पोटच्या मुलानं आईला बाई म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सासूबाईंनी अंगठा लावला. शाई पुसायला त्यांनी फडकं मागितलं, तेव्हा भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले तर सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "साहेब, जेवायला वाढू का?"

"आई, तिथं सगळे बघत असतात."

"म्हणून तर विचारलं. इथं कुणी बघत नाही ना?"

भाऊजी पाट ओढून बसले. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "आईला समजव म्हणाले. नाहीतर तुझी जागा बघावी लागेल म्हणाले."

"मग समजव."

भाऊजींनी घास घेतला.

पंखा खरंच आला. दोन दिवस आम्ही तो लावून पाहिला. मी उत्साहानं सुपामागून सूप भरून दिलं. पण पंख्याचा वारा सरळ येत नाही, वळत वळत येतो, आणि जवळच्यावर जोर, लांबच्यावर काही नाही. भारी बी भुसात गेलं आणि भूस माझ्या तोंडात. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी तो पुसून, दोर गुंडाळून कचेरीत परत पाठवला. सोबत निरोप दिला, उन्हाळ्यात बसायला छान आहे.

मग वकील. शहरात सायकलच्या दुकानावर त्यांची खोली होती. सासूबाई, हे आणि मी असे तिघं गेलो. वकील म्हातारे, गळ्याला मफलर, खिडक्या घट्ट बंद. दावा वाऱ्याचा आणि वकिलाला वारा सोसत नव्हता. कागद त्यांनी दोनदा वाचला, उजेडात धरून शिक्का पाहिला आणि खूश झाले.

"अट स्पष्ट आहे. आजपर्यंत त्या जागेवर काही बांधलं गेलेलं नाही ना?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. "काय थांबा?"

"बसचा थांबा. मैदानाच्या कडेला, सडकेजवळ."

आम्ही तिघांनीही त्या सकाळी त्याच थांब्यात बसून बस धरली होती. चार खांब, मागे विटांची भिंत, वर पत्रा, आत बाक. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे तो बांधलेला आहे हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

वकिलांनी लेखणी खाली ठेवली. "केव्हा झाला?"

"नऊ वर्षं झाली," हे म्हणाले.

"तुम्ही हरकत घेतली होती?"

सासूबाई बंद खिडकीकडे बघत होत्या. "हरकत कसली. मीच मागितला होता. दर आठवड्याला बियाण्याचं ओझं घेऊन तासतासभर उभी राहायची. गुडघे सुजायचे. तेव्हाच्या अध्यक्षांना म्हटलं, एवढं करा. त्यांनी केलं."

वकिलांनी मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. "ते नेमकं हेच धरतील. म्हणतील, अट तुम्हीच मोडलीत. तुम्ही असं सांगा, तो थांबा पंचायतीच्या जागेत आहे हे मला माहीत नव्हतं."

"बघते," सासूबाई म्हणाल्या.

परतीच्या बसमधून उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. थांब्यात दोन बायका बाकावर बसल्या होत्या. सासूबाई उतरल्या आणि त्यांच्याकडे न पाहता मैदानातून घराकडे चालू लागल्या.

कोर्टानं बांधकाम थांबवलं आणि खरंखोटं पाहायला एक मोजणीदार पाठवला. किडकिडीत माणूस. बरोबर लाकडी पेटी. त्यानं ती उघडली तेव्हा मी कामं टाकून जवळ गेले. आत एक दांडी, दांडीवर चार पितळी वाट्या आणि खाली आकड्यांची तबकडी.

"ह्यानं काय होतं?"

"वारा आला की वाट्या फिरतात. किती फिरल्या ते तबकडी मोजते."

"आणि वारा वर एक, खाली एक असेल तर?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मग दोन ठिकाणी मोजायचं. बरं झालं विचारलंत."

ठरलं असं: सभागृहाच्या जागी दोन मजल्यांएवढे बांबू रोवायचे आणि त्यांना चटया बांधून भिंत करायची. आधी भिंत आडवी पाडून बी वाऱ्यावर धरायचं, मग भिंत उभी करून. दोन्ही वेळचं पायाशी पडलेलं बी पिशव्यांत भरून, सील करून कोर्टात न्यायचं. अध्यक्षांनी चटया दिल्या, दोर धरायला पंचायतीची आठ माणसं दिली. त्यात भाऊजी होते.

सगळं तयार झालं आणि वारा पडला.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पान हलेना. मोजणीदार आमच्या खळ्याच्या कडेला पेटी उघडून बसून राहिला. अध्यक्ष फेरी मारून गेले. "काय हो, कुठे आहे तुमचा वारा? ज्याच्यासाठी एवढं भांडलात तो तारखेलासुद्धा येत नाही."

"त्याला समन्स पोचलं नसेल," सासूबाई म्हणाल्या. त्या बसून गोंडे झोडपत होत्या. मोजणीदारही दुसरी काठी घेऊन झोडपायला बसला. रिकामं बसवत नव्हतं त्याला. तळहाताला फोड आले ते त्यानं मला कौतुकानं दाखवले.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी शेजारच्या घराच्या धुराकडे बराच वेळ पाहिलं आणि मोजणीदाराला म्हणाल्या, "साहेब, वाट्या लावा."

"काही हलत नाहीये."

"लावून ठेवा."

पाऊण तासानं एक वाटी अर्धी फिरली. मग चारही फिरू लागल्या, आणि मी तबकडीवरून डोळे काढेना तेव्हा ह्यांनी भरलेलं सूप माझ्या हाताला टेकवलं.

पहिली फेरी नेहमीसारखी झाली. काळं बी सरळ धारेनं पायाशी, भूस लांब. गाव जमलं होतं, पण बघण्यासारखं काही नव्हतं. मोजणीदारानं पिशवी भरली, सील केलं. मग भिंत उभी झाली.

मी जन्मात एवढी मोठी चटई पाहिली नव्हती. ती फुगली, दोर ताणले, माणसं टाचा रोवून मागे रेलली. खळ्यावर एकदम शांत झालं. सासूबाईंनी सूप कलतं केलं. बी आणि भूस एकत्रच खाली आलं. मग भिंतीवरून उडी मारून वारा मागून आला, गोल फिरला आणि सगळं भूस सासूबाईंच्या डोक्यावर, डोळ्यांत, गळ्यात. त्या तिवईवर डोळे मिटून उभ्या. लोक हसले. माझ्याही पोटात हसू आलं आणि त्याची मला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

अध्यक्ष हसले नाहीत. हे त्यांच्याच विरुद्ध जाणार, हे त्यांनी बरोबर ओळखलं. दोरांकडे जाऊन म्हणाले, "अरे, सैल सोडा जरा. चटया फाटतील."

सहा-सात जणांनी हात सैल केले. भिंतीला पोट सुटलं, कडेनं वारा आत घुसला, भूस थोडं सरकलं. मधला दोर भाऊजींकडे होता. तो तसाच ताठ.

"तुला वेगळं सांगायचं का रे?" अध्यक्ष म्हणाले.

"मोजणीदारसाहेबांनी ताठ धरायला सांगितलंय," भाऊजी म्हणाले. मान खाली, कचेरीत वही पुढे करताना असते तशीच.

मोजणीदार वाट्यांपाशी होता. त्यानं वळून पाहिलं. "भिंत विटांची होणार ना? विटा सैल पडत नाहीत. सगळ्यांनी त्या कारकुनासारखं धरा."

अर्धा तास ती भिंत ताठ उभी होती. सासूबाईंनी अकरा सुपं सोडली. प्रत्येक सुपाला भूस खाल्लं. शेवटी उतरल्या तेव्हा त्यांना दिसत नव्हतं, मी हात धरून रांजणाशी नेलं. भाऊजींनी दोर सोडला तर हाताची सालं दोराबरोबर गेली. घरी त्यांच्या हाताला मलम लावताना सासूबाईंनी विचारलं, "माझ्यासाठी धरलास?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "ताठ धरायला सांगितलं होतं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फडकं आणखी एक वेढा देऊन बांधलं.

दोन्ही पिशव्यांतलं शंभर-शंभर बी ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायाधीशांनी आपल्याच खोलीच्या खिडकीत ठेवलं. कोर्टाचा शिपाई सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचा. दहाव्या दिवशी आम्हाला बोलावलं. न्यायाधीश चष्मा कपाळावर सरकवून स्वतः मोड मोजत होते, एकदा मोजून समाधान होईना म्हणून दुसऱ्यांदा. मोकळ्या वाऱ्याचं शंभरात अठ्ठ्याऐंशी उगवलं होतं. भिंतीआडचं एक्केचाळीस.

"दिसायला तर सारखंच होतं," ते स्वतःशीच म्हणाले.

मग पंचायतीचे वकील उठले आणि त्यांनी थांब्याचा विषय काढला. कधी बांधला, कुणी मागितला, किती उंच, सगळं. आमच्या वकिलांनी सासूबाईंकडे पाहून मान किंचित हलवली. माहीत नव्हतं म्हणा.

न्यायाधीशांनी विचारलं, "त्या थांब्याची जागा अटीत येते हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या वकिलांनी डोळे मिटले.

"मग? तुम्हीच मोडलेली अट आता इतरांनी पाळावी कशी?"

"गुडघे दुखायचे, साहेब. मागून घेतला. बांधून झाल्यावर कळलं, त्याच्या भिंतीनं माझ्या खळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात वारा पडतो. तो कोपरा मी नऊ वर्षं वापरलेला नाही. ना मी कुणाला बोलले. माझ्या बसण्यासाठी तेवढा वारा मी दिला असं धरलं. पण हे सभागृह झालं तर अख्खं खळं तसं होईल. मग आम्ही काय करायचं? दुसरं काही येत नाही आम्हाला."

माझ्या त्या दोनदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला असं भर कोर्टात मिळालं.

न्यायाधीश बराच वेळ कागद चाळत राहिले. "अट एक आहे," ते म्हणाले. "तिचे तुकडे करता येत नाहीत. लागू करायची तर सगळ्याला. सभागृह होणार नाही, आणि थांबाही पाडावा लागेल. नाहीतर दोन्ही राहतील. तुम्ही सांगा."

सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर सायकलच्या घंट्या वाजत होत्या.

"पाडा," सासूबाई म्हणाल्या.

थांबा पाडायला एक दिवस पुरला. विटा पंचायतीनं नेल्या. दुसऱ्या दिवसापासून माणसं उन्हात उभी राहू लागली आणि आमच्याकडे बघू लागली. त्या वर्षी पाऊसही लांबला आणि मग नको तितका पडला. एकदा एक बाई पोराला कडेवर घेऊन भिजत उभी होती, मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, तर ती चार पावलं लांब सरकली.

बसनं दूध नेणारी दूधवाली स्पष्ट बोलायची. "आमचं दूध नासू दे. तुमचं बी उगवू दे."

सासूबाई डोक्यावर पोतं घेऊन उभ्या होत्या. एका हातानं पोतं धरून दुसऱ्या हातानं त्यांनी दूधवालीची किटली आपल्या सावलीत ओढून घेतली. बस येईपर्यंत ऊन सरकेल तशी त्या किटली सरकवत राहिल्या. दूधवाली दुसरीकडे तोंड करून उभी होती, पण तिनं किटली परत ओढली नाही. तो उद्योग मग दर आठवड्याला चालला.

वकील त्यानंतर दोनच वर्षं जगले. फी म्हणून त्यांनी कांद्याचं बी मागून घेतलं होतं आणि गच्चीवरच्या कुंड्यांत लावलं होतं, असं त्यांच्या मुलीनं सांगितलं.

अध्यक्ष पुढच्या निवडणुकीतही निवडून आले. सभागृह त्यांनी तळ्यापलीकडे बांधलं, एक मजली, पण वाचनालय केलं. घरापासून अर्धा तास चालावं लागे. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा कुलूप उघडायला तेच आले होते. म्हणाले, "इथं बांधायला लावलंत, आता चाला." मी अठ्ठावीस वर्षं चालले. शेवट असलेल्या गोष्टी वाचायला मिळाल्या.

मोजणीदार दर दोन-तीन वर्षांनी पत्र पाठवायचा. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की त्यानं घरच्या गॅलरीत वाट्या लावल्या आहेत आणि बायको त्यावर रुमाल वाळत घालते. मग पत्रं थांबली. का थांबली ते कळलं नाही.

भाऊजींना कचेरीतून काढलं नाही, पाण्याच्या टाकीवर राखणीला टाकलं. सहा वर्षं ते टाकीवर होते. सातव्या वर्षी नव्या अध्यक्षांना वह्यांत काही सापडेना म्हणून त्यांना परत बोलावलं. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी आले आणि आईच्या रिकाम्या जागेकडे पाहून पाट ओढून बसले. तळहातावरच्या सालाची जागा शेवटपर्यंत गुळगुळीत होती.

सासूबाई एकोणीसशे एक्काहत्तरपर्यंत तिवईवर चढत होत्या. उत्तरेचा कोपरा त्यांनी थांबा पाडल्यावर लगेच वापरायला घेतला नाही. मी म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे थोडे दिवस, बरं दिसत नाही." थोडे दिवस म्हणजे त्यांची चार वर्षं निघाली. अंथरुणाला खिळल्या त्या शेवटच्या महिन्यात दूधवाली रोज येऊन अर्धा शेर दूध ठेवून जायची. बोलणं असं दोघींचं तेव्हाही फारसं नव्हतं.

हे जाऊन बावीस वर्षं झाली. सकाळी "जातो" म्हणून शेतावर गेले होते. मधलं मला समजून घ्यावं लागलं.

आणि मी. सासूबाईंनंतर तिवईवर मी चढले, माझ्यानंतर सून. तीन वर्षांपूर्वी मुलानं शेत भाड्यानं दिलं, भाडेकरू फुलं लावतो. त्या वर्षापासून खळ्यावर बी आलं नाही. यंदा मी पंचायतीला पत्र लिहिलं की आमच्या खळ्यावर आता वाऱ्यानं बी साफ होत नाही, तेव्हा कागदाप्रमाणे अट संपली.

मुलगा म्हणाला, "आई, कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग जागेची किंमत तरी बघायची. अट होती तोवर आपल्या शब्दाला वजन होतं तिथं."

"ते वजन वाऱ्याचं होतं," मी म्हटलं आणि पाकिटावरचा पत्ता त्याच्याकडूनच लिहून घेतला.

महिनाभरानं पंचायतीतून एक तरुण बाई आली, कारकूनच. हातात जुनी फाइल. तिला एकच कळत नव्हतं, ही अट मुळात घातली कशासाठी? कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगायला बसले. तिनं एकामागून एक प्रश्न विचारले, सूप कसं धरायचं, पोचट बी कसं दिसतं, चटया कुणी शिवल्या. चहा दोनदा झाला. उठताना म्हणाली, "आजी, मग आता तिथं काय बांधावं?"

मला हसू आलं. साठ वर्षं मी तिथं काय होऊ नये एवढाच विचार केला होता.

"एकदा दुपारी चारला जाऊन खळ्यावर उभी राहा," मी म्हटलं. "मग ठरवा."

ती परवा जाऊन आली म्हणे. दीड तास उभी होती, असं भाडेकरूनं सांगितलं. काय ठरलं ते अजून कळवलेलं नाही. उद्या मुलाला कचेरीत पाठवून विचारून घेणार आहे.